तारागोनातली क्रियापदं : कार्ड-संचाच्या नोंदी

14 सप्टेंबर 2024

कामाचं स्वरूप आधी लिहून ठेवते. स्पॅनिश क्रियापदांचा अँकीवरचा (पाठांतराच्या कार्डांचं ॲप) कार्ड-संच करायचा. पुढच्या बाजूला प्रश्न, मागे रूप. माझी पीएचडी रसायनशास्त्रात आहे, भाषेत नाही, त्यामुळे रोज अर्ध्या तासाच्या वर वेळ यात जाता कामा नये. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी वापरण्याजोगा व्हावा एवढीच अपेक्षा.

अडचण गावाची आहे. तारागोना कॅटलोनियाच्या दक्षिण भागात, समुद्राला लागून. विद्यापीठाच्या मेल कातालान भाषेत येतात, बसमधल्या सूचना कातालानमध्ये, आणि प्रयोगशाळेतली मंडळी आपसांत कातालान बोलतात. माझ्याकडे मान वळली की इंग्रजी. स्पॅनिश इथे सगळ्यांना येतं, पण ते माझ्या कानावर पडण्यासाठी मलाच शोधत जावं लागतं. घरमालकीणबाई तेवढ्या स्पॅनिशमध्ये बोलतात आणि भाडेकरार स्पॅनिशमध्ये आहे.

‘मग आधी कातालान का नाही?’ असं प्रयोगशाळेतल्या एकीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. प्राथमिक कातालानचे सरकारी वर्ग फुकट असतात, त्यात नाव घालणार आहे. पण पुढची नोकरी माद्रिदला लागेल की आणखी कुठे, सांगता येत नाही, म्हणून व्याकरणाचा घाम स्पॅनिशसाठी गाळायचा. आई फोनवर कातालानला ‘तिथली बोली’ म्हणते. बोली नव्हे. लॅटिनपासून आपल्या वाटेने वाढलेली भाषा आहे, आणि फ्रांकोच्या राजवटीत, म्हणजे 1939 ते 1975, शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार होऊनही टिकलेली. इथे तिला बोली म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा कॉफीला बोलावत नसावेत.

19 सप्टेंबर

लिपी ठरवली. मागच्या बाजूला स्पॅनिश स्पेलिंग असेलच, पण उच्चार देवनागरीत लिहिणार, कारण रोमन अक्षरं दिसली की डोळा इंग्रजी उच्चार करतो. ‘एच’ लिहितात पण म्हणत नाहीत. ‘व्ही’ आणि ‘बी’ दोन्हींचा आवाज ‘ब’. ‘जे’साठी घशातला ख़.

आब्लार म्हणजे बोलणं. वर्तमानकाळ : आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. ‘आर’, ‘एर’, ‘ईर’ असे शेवटावरून तीन गण पडतात, आणि नियमित क्रियापदांत तरी पुढचं सगळं त्या गणावरून निघतं.

देवनागरीत जोर दाखवायला चिन्ह नाही, आणि स्पॅनिशमध्ये जोरावर काळ बदलतो. आब्लो म्हणजे मी बोलते. तोच शब्द शेवटच्या अक्षरावर जोर देऊन म्हटला की ‘तो बोलला’. म्हणून अवग्रह वापरायचा : आब्लो आणि आब्लोऽ. संस्कृतच्या बाईंना हे आवडणार नाही, पण वहीत अवग्रह रिकामाच बसून होता.

काय घ्यायचं : वर्तमान, दोन्ही भूतकाळ, ‘ए’ लावून होणारा पूर्ण काळ, आज्ञार्थ, आणि नंतर तो सुप्रसिद्ध सबजंक्टिव्ह (आपल्या विध्यर्थासारखं रूप). ‘बोय आ’ लावून होणारा भविष्यकाळ एका कार्डात आटपतो.

24 सप्टेंबर

काल सान्ता तेक्ला, गावचा मोठा सण. चौकात मानवी मनोरे झाले. दहीहंडी आठवतेच, फक्त इथे वर फोडायला काही नसतं. लहान पोर टोकाला चढून हात वर करतं आणि उतरतं.

परत येताना डोक्यात पाट्या होत्या. दाराला कातालानमध्ये ‘पॉर्ता’, स्पॅनिशमध्ये ‘प्वेर्ता’. विस्तव ‘फोक’, तिकडे ‘फ्वेगो’. लॅटिनमधले ह्रस्व ए आणि ओ, त्यांच्यावर जोर आला की स्पॅनिशमध्ये फुटले आणि ‘ये’, ‘वे’ झाले. कातालानमध्ये फुटले नाहीत. एवढं कळलं आणि पुस्तकात ‘अनियमित’ म्हणून वेगळी काढलेली निम्मी क्रियापदं शहाण्यासारखी वागायला लागली.

दोर्मीर, म्हणजे झोपणं. द्वेर्मो, द्वेर्मेस, द्वेर्मे, पण दोर्मीमोस, दोर्मीस, आणि पुन्हा द्वेर्मेन. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांत जोर शेवटाकडे सरकतो, म्हणून मूळचा ‘ओ’ न फुटता राहतो. शेजारी कातालान ‘डॉर्मु’ ठेवलं की मूळ स्वर समोर दिसतो. म्हणजे गल्लीतली प्रत्येक कातालान पाटी ही स्पॅनिश धातूचं जुनं रूप सांगणारी चिठ्ठी आहे.

आपल्याकडेही फूल–फुलाला, पीठ–पिठात असतंच. मागे अक्षर वाढलं की स्वर आखडतो, आणि शाळेत जाण्याआधीपासून आपण ते बिनचूक बोलत असतो. तेव्हा ही रूपं कोष्टकात घोकायची नाहीत. कार्डावर नेहमी जोडी : ‘झोपते / झोपतो आम्ही’. पेर्देर (हरवणं), पोदेर (शकणं), बोल्बेर (परतणं) सगळी याच साच्यात टाकली.

6 ऑक्टोबर

मोठा निर्णय. इंटरनेटवरून उतरवलेला इंग्रजी प्रश्नांचा संच पूर्ण काढून टाकला.

त्यातलं एक कार्ड नमुन्यादाखल : ‘यू स्पोक’. याचं उत्तर काय? एकटी मैत्रीण, मैत्रिणींचा घोळका, एक आदरणीय व्यक्ती, अनेक आदरणीय व्यक्ती, असे चार ‘यू’. त्यात एकदाच बोललात की नेहमी बोलायचात, हे दोन काळ. एका प्रश्नाला आठ उत्तरं, आणि संच त्यातलं एकच बरोबर धरतो. मग कंसात खुणा, खुणांच्या खुणा. हा सगळा खटाटोप मधल्या दलालासाठी.

मराठीत तोच प्रश्न असा : ‘बोललीस’. झालं. तू, एकटी, एकदा. ‘बोलायचीस’ म्हटलं की दुसरा काळ. ‘बोललात’ला फक्त एवढं लिहावं लागतं की समोर मित्रमंडळी आहेत की साहेब. सर्वनाम लागतच नाही, कारण आपल्याकडे ते क्रियापदाच्या शेवटात असतं. ‘कुठे चाललीस?’ यात ‘तू’ कोण म्हणतं? स्पॅनिशमध्येही कुणी म्हणत नाही. इंग्रजीतून शिकणारे ‘यो, यो’ करत राहतात ते याच सवयीने.

काळांची जुळणी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली :

मी गेले : फ्वी.
मी जायचे : ईबा.
मी गेले आहे : ए ईदो.
मी जात होते : पुन्हा ईबा.

शेवटच्या ओळीत मराठी जास्त बारीक कातते, स्पॅनिश नाही. चालेल. दोन प्रश्नांना एक उत्तर असलं तर कार्ड बिघडत नाही, एका प्रश्नाला दोन उत्तरं असली की बिघडतं. ‘जायचो’ हा काळ घरात रोज असताना ‘इम्पर्फेक्ट म्हणजे भूतकाळातील अपूर्ण वा पुनरावृत्त क्रिया’ अशा व्याख्या इंग्रजीतून पाठ करायच्या, हे आपण भारतीय विद्यार्थी का करतो कोण जाणे. वर्गात इंग्रजीतून शिकवतात म्हणून डोक्यातही इंग्रजीच ठेवावी असा काही नियम नाही.

‘मला आवडतं’ची कार्डं केलीच नाहीत. मे गुस्ता, मे गुस्तान : मला आवडतं, मला आवडतात. आवडणारी वस्तू कर्ता, मी चतुर्थीत. इंग्रजी पुस्तकं यावर अख्खा धडा खर्च करतात.

20 ऑक्टोबर, रविवार

बोनाविस्ताच्या बाजारात गेले. गावाच्या पश्चिमेला, कारखान्यांच्या बाजूची वस्ती. 1950 आणि 60च्या दशकांत आंदालुसियाहून कामाला आलेल्या लोकांनी वसवलेली, त्यामुळे इथे कानावर येतं ते स्पॅनिश. दर रविवारी बाजार, भाजीपासून पडद्यांपर्यंत सगळं. मालकीणबाईंनीच सुचवलं. त्यांचं लहानपण तिथलं.

भाजीवाला विचारतो, ‘के ते पोंगो?’ शब्दशः ‘तुला काय ठेवू?’, म्हणजे काय देऊ. ‘पोनेर’चं ‘मी’चं रूप पोंगो. असे ‘ग’ घुसणारे बरेच आहेत : तेंगो, बेंगो, साल्गो, आगो, दीगो. घरी त्यांची यादी करून ठेवली होती आणि एकही तोंडात बसत नव्हतं. रांगेत उभं राहून ‘पोंगो’ इतक्यांदा ऐकलं की आता ते विसरायची सोय नाही. उत्तर आज्ञार्थी : ‘पोनमे उन कीलो’. हे तोकडे आज्ञार्थ आठच आहेत, दी, आथ, बे, पोन, साल, से, तेन, बेन. बाजारात उभं राहिलं की त्यातले निम्मे फुकट मिळतात.

एक गंमत. इथले बरेच जण शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात. ‘क्येरेस’ (तुला हवंय) आणि ‘क्येरे’ (तिला हवंय) कानाला सारखंच. म्हणजे ज्या ‘स’साठी मी कार्डांवर जीव टाकतेय तो इथे हवेत विरतो, आणि लोकांचं काही अडत नाही. संदर्भावर भागतं. संचात उच्चार माद्रिदच्या बातम्यांतलाच ठेवते, कान मात्र बोनाविस्ताचा हवा.

3 नोव्हेंबर

कास्तान्यादा झाली. भाजलेली चेस्टनट, रताळी, पाइनच्या बिया लावलेले बदामाचे गोळे. काम काही नाही.

एवढंच : फोनवरचं एक लोकप्रिय ॲप ‘बोसोत्रोस’ची रूपं शिकवतच नाही, कारण ते लॅटिन अमेरिकेची स्पॅनिश धरून चालतं. तिथे ‘तुम्ही लोक’ला ‘उस्तेदेस’ चालतं. इथे चालत नाही. चार मित्रांना कुणी उस्तेदेस म्हणालं तर ते मागे वळून बघतील कोण साहेब आले. आब्लाइस, कोमेइस, बिबीस ही रूपं संचात राहणार. शिवाय ‘उस्तेद’ आपल्या ‘आपण’च्या चालीवर नाही, त्याला तृतीय पुरुषी एकवचनी रूप लागतं : उस्तेद आब्ला. ‘साहेब काय म्हणतात?’ असं साहेबांनाच विचारण्याचा प्रकार.

17 नोव्हेंबर

कातालानच्या वर्गामुळे संचाला पहिला खरा धक्का. हे नीट लिहायला हवं.

प्रयोगशाळेतला सहकारी सोमवारी म्हणाला, ‘दिसाप्ते बाच अना अ रेउस.’ मला स्पॅनिशच्या कानाने ऐकू आलं, ‘शनिवारी रेउसला जाणार’. स्पॅनिशमध्ये ‘बोय आ ईर आ रेउस’ म्हणजे जाणार आहे. आणि कातालानमध्ये ‘बाच अना’ म्हणजे गेलो. त्याचं जाऊन झालं होतं.

दोन्हीकडे ‘जाणे’चंच वर्तमान रूप, पुढे मूळ क्रियापद. शेजारच्या दोन भाषा, एकच साहित्य, आणि एकीने त्यातून भविष्य केलं, दुसरीने भूतकाळ. फरक दिसायला फक्त मधला ‘आ’ : स्पॅनिशमध्ये असतो, कातालानच्या भूतकाळात नसतो. तोही ‘अना’च्या तोंडाशी विरघळतो. कातालानची रूपं : बाच, बास, बा, बाम, बाउ, बान. स्पॅनिश : बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान. मधली तर अगदी तीच.

वर्गातली एक इटालियन मुलगी म्हणाली, जाण्याने भूतकाळ हे काहीतरी विचित्रच. मला तितकं वाटलं नाही. ‘तो बोलून गेला’, ‘विसरून गेले’, ‘पाऊस येऊन गेला’, यात आपणही जाण्यानेच गोष्ट संपवतो. उलट स्पॅनिशचं जाण्यातून भविष्य मराठीला परकं, कारण आपल्याकडे ते काम ‘णार’ करतो.

संचात केलेले बदल : प्रत्येक भूतकाळी प्रश्नाला ‘काल’ जोडला, प्रत्येक ‘बोय आ’ला ‘उद्या’. आणि कातालानचा वर्ग असेल त्या दिवशी भूतकाळाची कार्डं यायची नाहीत, असा वेगळा उपसंच केला. रंगही वेगळा. हे एवढं पुरेल.

‘आज’चं वेगळं आहे. इथे आज घडलेलं ‘ए कोमीदो’ (जेवले आहे) आणि काल घडलेलं ‘कोमीऽ’ (जेवले). कातालानमध्येही आजची रेघ तीच, ‘अबुई ए मन्जात’. या एका मुद्द्यावर दोघींचं एकमत आहे आणि मराठीचं नाही, आपण दोन्हीला ‘जेवले’ म्हणून मोकळे. त्यामुळे ‘आज’ हा शब्द प्रश्नात हवाच.

9 डिसेंबर

बळकट, म्हणजे धातूच बदलून होणारे, भूतकाळ टाकले. तूबे, एस्तूबे, पूदे, पूसे, सूपे, कीसे, बीने, ईथे, दीख़े. यांचा जोर शेवटाकडे सरकत नाही, म्हणून अवग्रह नाही. शेवट सगळ्यांचे सारखे. ‘दीख़े’च्या वर्गाला ‘त्यांनी’चं रूप ‘दिख़ेरोन’, बाकीच्यांना ‘येरोन’. आणि ‘फ्वी’ हे ‘गेले’ही आणि ‘होते’ही. ‘जाणे’ आणि ‘असणे’ यांचा भूतकाळ एकच. पुढे ‘आ’ (आपला ‘-ला’) आहे की विशेषण, यावर कळतं.

‘चिठ्ठी? लिहिली.’ आपल्याकडे क्रियापद चिठ्ठीच्या लिंगाने चालतं. कातालानमध्येही : ‘ले अस्क्रीता’, शेवटचा ‘आ’ चिठ्ठीचा. स्पॅनिशमध्ये मात्र ‘ला ए एस्क्रीतो’, चिठ्ठी असो की निबंध, ‘एस्क्रीतो’च. म्हणजे इथे मराठी आणि कातालान दोघी मिळून मला चुकीच्या बाजूला ओढतात. अशा कार्डांना लाल खूण. पण ‘एस्तोय कान्सादा’ (दमलेय) यात लिंग येतं. ‘ए’सोबत नाही, ‘एस्तोय’सोबत आहे. नियम एवढाच.

14 जानेवारी 2025

परीक्षा द्यायची का, असं बार्सेलोनातल्या मराठी मैत्रिणीने विचारलं. बी-1 पातळीच्या ‘देले’त (स्पॅनिशची प्रमाणपत्र परीक्षा) चार विभाग, प्रत्येकी 25 गुण. वाचन-लेखन एका गटात, ऐकणं-बोलणं दुसऱ्यात, आणि दोन्ही गटांत 50 पैकी 30 हवेत. क्रियापदांना वेगळे गुण नाहीत, ही काहीशी निराशेची बाब. या वर्षी नाही.

26 जानेवारी, रविवार

प्रयोगशाळेची काल्सोतादा, वाल्सजवळच्या एका शेतघरात. काल्सोत म्हणजे लांब पातीचे कांदे, वेलींच्या काटक्यांच्या ज्वाळेवर काळे करून वर्तमानपत्रात गुंडाळतात. बाहेरची करपलेली साल हाताने ओढून काढायची, बदाम-टोमॅटोच्या चटणीत बुडवायचं, मान मागे टाकून वरून तोंडात सोडायचं. गळ्यात बिब बांधतात ते उगीच नाही. मराठी माणसाने चुलीतली वांगी खाल्लेली असतात, त्यामुळे वास ओळखीचा.

नोंद करण्यासारखं : आतून कुणी हाक मारली, तर कातालान माणूस म्हणतो ‘झा बिंक!’, म्हणजे येतोच. स्पॅनिशमध्ये ‘या बोय!’, जातोच. हाक मारणाऱ्याकडे निघालं की आपणही ‘आले, आले’ म्हणतो. टेबलावरच्या बहुतेकांच्या स्पॅनिशमध्ये त्यामुळे कधीकधी ‘बेंगो’ घुसतं, आणि ते ऐकून माझंही तेच होणार हे दिसतंय. ‘आले!’ या प्रश्नामागे ‘बोय’ असं कार्ड केलं. संचातलं सगळ्यात उर्मट कार्ड आहे.

2 मार्च

सबजंक्टिव्ह. सगळे घाबरवतात तो.

पुस्तकांत त्याची ओळख ‘शंका, इच्छा, भावना यांचा अर्थ’ अशी. त्यातून काही कळत नाही, कारण शंका आणि इच्छा प्रत्येक वाक्यात असतात. मराठी बाजूने घेतलं तर तीन ढीग पडतात.

पहिला ढीग सोपा. ‘तू यावंस असं मला वाटतं’ : क्येरो के बेंगास. ‘त्यांनी बोलावं म्हणून’ : पारा के आब्लेन. जिथे मराठीत ‘आवं’ येतं, तिथे डोळे मिटून सबजंक्टिव्ह. शाळेत विध्यर्थ नावाने शिकलेलं हेच ते. रूपही उलटापालटीचं : ‘आर’ गणाला ए, ‘एर’ आणि ‘ईर’ गणाला आ. आब्ले, कोमा, बीबा. ‘मी’चं वर्तमान रूप येत असेल तर बाकीचं बहुतेक त्यावरून येतं : तेंगोवरून तेंगा, पोंगोवरून पोंगा. भाजीवाल्याचे आभार.

दुसरा ढीग याहून छान. ‘तो येतो तेव्हा’ : क्वान्दो ब्येने. ‘तो येईल तेव्हा’ : क्वान्दो बेंगा. नेहमी घडतं ते साधं, अजून घडायचंय ते सबजंक्टिव्ह. इंग्रजीत दोन्हीला ‘व्हेन ही कम्स’. तिथून शिकणाऱ्याला हा फरक कुठूनही दिसत नाही, आणि आपल्याला तो ‘येतो’ आणि ‘येईल’ यांत आयता मिळतो. ऑक्टोबरात इंग्रजी प्रश्न काढून टाकले त्याची सगळी वसुली या एका ढिगात झाली.

तिसरा ढीग लाल. ‘येईल असं वाटतं’ आणि ‘येईल असं वाटत नाही’. मराठीत ‘येईल’ दोन्हीकडे. स्पॅनिशमध्ये ‘वाटत नाही’ म्हटलं की सबजंक्टिव्ह : नो क्रेओ के बेंगा. वाटतं म्हटलं की नाही. इथे मराठी काही सांगत नाही, त्यामुळे नकार पाहून थांबायचं.

‘ओख़ालाऽ’ एकटंच वेगळं ठेवलं. अरबीतून आलेलं, ‘अल्लाची मर्जी असो’ अशा अर्थाचं, आणि त्याच्यामागे नेहमी सबजंक्टिव्ह. ओख़ालाऽ युएबा : पाऊस पडो. गेली काही वर्षं कॅटलोनियात दुष्काळ होता, त्यामुळे हे वाक्य पुस्तकी राहिलेलं नाही.

दारांवरच्या पाट्या जाता जाता. इथल्या दुकानांच्या दारावर ‘अंपन्येउ’ आणि ‘अस्तिरेउ’, आपल्या ‘ढकला’, ‘ओढा’च्या धर्तीचा आदरार्थी आज्ञार्थ. स्पॅनिश पाटी ‘एम्पूख़े’, ‘तीरे’ म्हणते, आणि ते रूप सबजंक्टिव्हचं आहे. उस्तेदला थेट हुकूम करायचा नाही, ‘आपण ढकलावं’ म्हणायचं. यावर कार्ड नको, रोज दार ढकलावं लागतंच.

23 एप्रिल

सान्त जोर्दी. रांब्ला नोवाभर पुस्तकांचे आणि गुलाबांचे ठेले. स्पॅनिश क्रियापदांच्या कोष्टकांचं एक जाड जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं. पानापानावर सगळे काळ, वापरात नसलेले भविष्य-सबजंक्टिव्हही. शिकायला निरुपयोगी, तपासायला उत्तम.

वर्गातल्या शिक्षकांकडून कळलं की आधुनिक कातालानचं शुद्धलेखन आणि व्याकरण ज्याने बसवलं तो पोम्पेउ फाब्रा शिक्षणाने इंजिनिअर होता आणि बिल्बाओत रसायनशास्त्र शिकवायचा. 1913चे लेखननियम, 1918चं व्याकरण. प्रयोगशाळेत हे सांगितलं, तिथे सगळ्यांना आधीच माहीत होतं. तरी माझ्या रोजच्या अर्ध्या तासाला मार्गदर्शकांसमोर एक समर्थन मिळालं.

29 एप्रिल

काल दुपारी 12 वाजून 33 मिनिटांनी स्पेनच्या मुख्य भूमीची आणि पोर्तुगालची वीज गेली. फ्यूम हूड (रसायनांच्या वाफा ओढून घेणारं कपाट) बंद, मोबाइलचं नेटवर्क थोड्या वेळात नाहीसं, सिग्नल बंद, रेल्वे उभ्या. दुकानांत कार्ड चालेना. प्रयोगशाळा रिकामी केली आणि सगळे चालत घरी.

क्रियापदांच्या दृष्टीने मात्र असा दिवस मिळणार नाही. रस्त्यावर जो तो एकच गोष्ट सांगत होता : मी काय करत होतो, आणि काय झालं. म्हणजे आधी लांब चालणारा भूतकाळ, मग एका फटक्यात संपणारा. मालकीणबाई जिन्यात शेजारणीला : ‘एस्ताबा आथ्येन्दो ला कोमीदा इ से फ्वेऽ ला लूथ.’ मी स्वयंपाक करत होते आणि लाइट गेली. तळमजल्यावरचे आजोबा लिफ्टमध्ये ‘ईबा’ म्हणजे जात होते, आणि ती ‘से पारोऽ’, थांबली. बेकरीतली मुलगी ‘एस्ताबा कोब्रान्दो’, पैसे घेत होती. कोपऱ्यावर एकाने गाडीतला रेडिओ मोठा लावला होता आणि भोवती घोळका. ‘दीख़ो’, ‘दिख़ेरोन’, तो म्हणाला, ते म्हणाले, असं चाललेलं. दोन भूतकाळांतला फरक शिकवायला पुस्तकं आंघोळ करताना वाजणारा फोन वापरतात. इथे वाक्य कुणी बनवत नव्हतं.

‘से फ्वेऽ ला लूथ’ला तर भाषांतरच लागत नाही. वीज जाते, आपल्याकडेही आणि यांच्याकडेही. कातालान शेजारी म्हणाल्या, ‘सेन बा अना ला ल्युम.’ गेली या शब्दात ‘जाणे’ दोनदा, एकदा काळासाठी, एकदा अर्थासाठी. नोव्हेंबरात या वाक्याने मला उद्यावर नेऊन सोडलं असतं. काल एकदाही अडखळले नाही, अंधारही मदतीला होता म्हणा.

मी सांगलीची आहे असं सांगून वीज जाण्याबद्दल अनुभवाने बोलले. ‘लहानपणी रोज जायची’ : से ईबा तोदोस लोस दीआस. लोक हसले. ‘से फ्वेऽ’ आणि ‘से ईबा’, गेली आणि जायची, एका वाक्यात स्पेन आणि दुसऱ्यात आमचं भारनियमन.

फोनमध्ये संच उतरवलेला असल्याने नेटवर्कशिवाय चालला. मेणबत्तीच्या उजेडात कालच्या वाक्यांची नवी कार्डं वहीत लिहिली, आज टाकली. ‘काय करत होतीस?’ आणि ‘मग काय झालं?’ अशा जोड्या. जुनी सुटी भूतकाळी कार्डं बहुतेक काढून टाकली. ‘ईबा’ एकट्याने विचारण्यात अर्थ नाही, त्याच्यासोबत काहीतरी घडायला हवं.

11 मे

शेवटची मोठी भर : भूतकाळी सबजंक्टिव्ह. याची पाठांतराची गरजच नाही. ‘ते बोलले’ : आब्लारोन. शेवटचं ‘रोन’ काढायचं, ‘रा’ लावायचं : आब्लारा. तुब्येरोनवरून तुब्येरा, दिख़ेरोनवरून दिख़ेरा, फ्वेरोनवरून फ्वेरा. अपवाद एकही नाही, स्पॅनिश व्याकरणात हे वाक्य फार वेळा लिहायला मिळत नाही. म्हणून डिसेंबरमधली बळकट कार्डं ‘मी’ऐवजी ‘त्यांनी’च्या रूपाने पुन्हा लावली. ‘आब्लासे’ असं दुसरं रूपही चालतं आणि ते कातालानच्या ‘पर्लेस’जवळचं आहे, पण कानावर ‘रा’ जास्त पडतं, तेच ठेवलं.

इथे मराठी साचा तोकडा पडतो. ‘पैसे असते तर घेतलं असतं.’ आज नाहीत म्हणून घेत नाही, की तेव्हा नव्हते म्हणून घेतलं नाही? मराठीत दोन्ही. स्पॅनिशमध्ये आजचं ‘सी तुब्येरा दिनेरो, लो कोम्प्रारीआ’ आणि तेव्हाचं ‘सी उब्येरा तेनीदो दिनेरो, लो आब्रीआ कोम्प्रादो’. त्यामुळे प्रश्नाच्या आधी ‘आत्ता’ किंवा ‘गेल्या वर्षी’ लिहावं लागलं. इंग्रजी इथे दोन वेगळी वाक्यं देते, हे नोंदवायला हवं. दलाल प्रत्येक व्यवहारात लबाड नसतो.

बार्सेलोनाच्या मैत्रिणीला संच दिला होता. तिचा निरोप आला : ‘अगं, तुझे सगळे प्रश्न बायकी आहेत. माझा नवरा “मी गेले” वाचून थबकतो.’ उत्तराला काही फरक पडत नाही, फ्वी ते फ्वीच. पण तिचं म्हणणं बरोबर, वाचताना तोंड अडखळतं. तिची दुसरी तक्रार, की बार्सेलोनात तिला दिवसभर स्पॅनिशच ऐकू येतं आणि ‘बाच’ची लाल कार्डं फुकट वेळ खातात. तिला तो उपसंच बंद करून दिला.

राहिलेलं काम : शीटमध्ये ‘गेलो/गेले’ असा स्तंभ वाढवून दोन संच वेगळे काढायचे. ‘एस्तोय कान्सादो’सारखी कार्डं हाताने तपासायची, तिथे उत्तरही बदलतं. उच्चारांचं ध्वनिमुद्रण मालकीणबाई करून द्यायला तयार आहेत, पण शेवटचे ‘स’ म्हणणार नाहीत असं त्यांनी आधीच सांगितलंय.